नवीन पोलीस शिपायांसाठी संविधान आणि न्यायालये : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रशिक्षण केंद्रात कायद्याच्या तासाला मुलंमुली जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. खरे अवघड प्रश्न तास सुटल्यावर, व्हरांड्यात विचारले जातात. तेही घेतले आहेत. उत्तरं देताना महाराष्ट्रातला पोलीस शिपाई डोळ्यांसमोर आहे. कलमांचे क्रमांक १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या तीन कायद्यांतले आहेत : भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम. ठाण्यातले जुने हवालदार अजून '४१ ची नोटीस', '१६४ चा जबाब' असंच बोलतात, म्हणून गरज पडली तिथे जुना क्रमांकही दिला आहे.

मी शिपाई आहे. तपास अधिकारी करतात. मला संविधान कशाला शिकायचं?

कारण माणसाला पहिला हात तुम्ही लावता. त्याला किती वाजता ताब्यात घेतलं, गाडीत कोण होतं, ठाण्यात कधी आणलं, घरी कोणी फोन केला, हे सगळं तुमच्या तोंडून ठाणे अंमलदाराकडे जातं आणि तिथून स्टेशन डायरीत उतरतं. पुढे उच्च न्यायालयात वाद होतो तो बहुतेक वेळा याच नोंदींवर. मूलभूत अधिकार मुख्यतः 'राज्या'विरुद्ध असतात. रात्री दोन वाजता नाकाबंदीवर उभ्या असलेल्या माणसासाठी राज्य म्हणजे मंत्रालय नव्हे, तुम्ही.

चार अनुच्छेद रोजच्या कामाचे आहेत. १४ म्हणजे कायद्यापुढे सगळे समान. २० मध्ये तीन गोष्टी येतात : कृत्य घडलं तेव्हा जो गुन्हाच नव्हता त्यासाठी शिक्षा नाही, एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा नाही, आणि आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडायचं नाही. २१ जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा. २२ अटकेचा. परीक्षेला बाकीचेही येतात, पण नोकरीत अंगावर येतो तो बावीस.

पोलीस केंद्राचे की राज्याचे?

राज्याचे. सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत पहिली नोंद सार्वजनिक सुव्यवस्थेची आणि दुसरी पोलिसांची आहे. म्हणून महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ हा राज्याचा कायदा. फौजदारी कायदा आणि त्याची कार्यपद्धती समवर्ती सूचीत आहेत, म्हणून न्याय संहिता संसदेनं केली.

अटकेनंतर २४ तासांत न्यायालयासमोर हजर करायचं, हा नियम नेमका कुठून आला?

तो फक्त सुरक्षा संहितेच्या कलम ५८ मधला नाही, थेट संविधानाच्या अनुच्छेद २२ (२) मधला आहे. त्यामुळे कोणताही परिपत्रक किंवा वरिष्ठांचा तोंडी आदेश तो शिथिल करू शकत नाही.

यामागची गोष्ट सांगण्यासारखी आहे. आजच्या अनुच्छेद २१ चा मसुदा करताना 'योग्य कायदेशीर प्रक्रिया' असे व्यापक शब्द घालावेत की 'कायद्याने प्रस्थापित कार्यपद्धती' एवढेच, यावर संविधान सभेत मोठा वाद झाला. दुसरा पर्याय स्वीकारला गेला आणि त्यावरून बरीच नाराजी राहिली. मग सप्टेंबर १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक नवा अनुच्छेद मांडला, त्याचा मसुद्यातला क्रमांक १५-अ. आधीच्या निर्णयानं जे निसटलं त्याची थोडी भरपाई व्हावी, ही भूमिका त्यांनी सभागृहात उघडपणे सांगितली. तोच आजचा अनुच्छेद २२ : अटकेचं कारण सांगा, वकिलाला भेटू द्या, २४ तासांत जवळच्या न्यायदंडाधिकाऱ्यासमोर न्या. हे हक्क फौजदारी प्रक्रिया संहितेत आधीपासून होतेच. पण साधा कायदा विधिमंडळ उद्या बदलू शकतं, संविधान तितक्या सहज बदलता येत नाही, हा त्यामागचा विचार.

२४ तासांतून वगळता येतो तो फक्त अटकेच्या ठिकाणापासून न्यायालयापर्यंतचा आवश्यक प्रवास. रविवार, दिवाळी, बंदोबस्त, गाडी नादुरुस्त, यांतलं काहीच वगळलं जात नाही. सुटीच्या दिवशी सुटीच्या न्यायालयात किंवा दंडाधिकाऱ्यांच्या निवासस्थानी हजर करतात. सोलापूरच्या पथकानं कलबुर्गीत आरोपी पकडला तर तिथल्याच जवळच्या दंडाधिकाऱ्यासमोर नेऊन ट्रान्झिट रिमांड (आरोपीला आपल्या हद्दीत नेण्यापुरता ताबा) घ्यायचा. त्या न्यायालयाला मूळ गुन्ह्याचं अधिकारक्षेत्र नसलं तरी चालतं.

प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला ही तरतूद लागू नाही. १९८१ च्या एमपीडीए कायद्याखाली (झोपडपट्टीदादा, धोकादायक व्यक्ती अशांविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा) एखाद्याला स्थानबद्ध केलं तर त्याला आदेशाची कारणं द्यावी लागतात, निवेदन करायची संधी द्यावी लागते, आणि तीन महिन्यांपुढे ठेवायचं असेल तर सल्लागार मंडळाचा अभिप्राय लागतो.

पण आम्ही तर त्याला अटक केलेलीच नाही, नुसतं चौकशीला बसवलंय. मग २४ तास कसे मोजायचे?

हा व्हरांड्यातला प्रश्न. दुपारी तीनला एकाला घरून आणलं, बाकावर बसवलं, मोबाईल काढून घेतला, रात्र गेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला अटक दाखवली. कागदावर २४ तास सकाळी अकरापासून सुरू होतात. न्यायालय तसं मोजत नाही.

मुंबई उच्च न्यायालयानं १९९० मध्ये सीमाशुल्क खात्याच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं, की माणसाच्या हालचालीचं स्वातंत्र्य ज्या क्षणी काढून घेतलं त्या क्षणापासून अटक सुरू होते; खात्यानं कागदावर कोणती वेळ लिहिली याला महत्त्व नाही. साधी कसोटी अशी : तो माणूस उठून 'मी घरी जातो' म्हणाला असता, तर तुम्ही जाऊ दिलं असतं का? नसतं, तर घड्याळ सुरू झालेलं आहे.

आता हे लपत नाही. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक पोलीस ठाण्यात प्रवेशद्वार, लॉकअप, व्हरांडे अशा सगळ्या ठिकाणी सीसीटीव्ही लावायला सांगितलं. चित्रण १८ महिने ठेवायचं, आणि तशी सोय नसेल तरी एका वर्षापेक्षा कमी नाही. त्यात आरोपीच्या मोबाईलचं लोकेशन, टोलनाक्याची पावती आणि तुमच्याच गाडीचं लॉगबुक. वकिलानं हे सगळं समोर ठेवलं की डायरीतली 'सकाळी अकरा' ही नोंद उघडी पडते, आणि ती ज्याच्या अक्षरात आहे त्याला पिंजऱ्यात उभं राहून उत्तर द्यावं लागतं.

अटक करताना नेमकं काय काय करायचं?

१९८६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या कायदेविषयक साहाय्य संस्थेच्या डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्यांकडे लक्ष वेधणारं पत्र सरन्यायाधीशांना लिहिलं. त्या पत्राचीच याचिका झाली आणि डिसेंबर १९९६ मध्ये निकाल आला. त्यातल्या बहुतेक सूचना आता कायद्यातच आहेत.

अटक करणाऱ्याच्या छातीवर स्पष्ट दिसणारी नावाची पट्टी हवी. साध्या वेशात धरपकड करणाऱ्यांनी ओळखपत्र खिशातच ठेवलं आणि लोकांना ते अपहरण वाटलं, असं व्हायला नको. जागेवरच अटक पंचनामा करायचा. त्यावर कुटुंबातल्या किंवा परिसरातल्या किमान एका साक्षीदाराची आणि अटक झालेल्याची सही, वेळेसह. नातेवाईक किंवा मित्राला कळवायचं आणि कोणाला, किती वाजता कळवलं हे डायरीत लिहायचं. वैद्यकीय तपासणी करायची. अंगावरच्या जुन्या जखमांची नोंद होऊ द्या. ती नोंद तुम्हालाही वाचवते.

आणि अटकेची कारणं लेखी द्यायची. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. 'तुमच्यावर अमुक कलमाखाली गुन्हा दाखल आहे' हे कारण नव्हे. त्या माणसाला का अटक होत आहे, त्याचा त्यात काय भाग दिसतो, हे त्याला समजेल अशा भाषेत लिहून द्यायचं. नोव्हेंबर २०२५ मध्ये, मुंबईतल्या एका वाहन अपघाताच्या प्रकरणातून गेलेल्या अपिलात, सर्वोच्च न्यायालयानं हे सगळ्या गुन्ह्यांना लागू केलं. घटनास्थळी लगेच लिहून देणं शक्य नसेल तर तोंडी सांगा, पण रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी लेखी प्रत हातात पडली पाहिजे. नाही पडली तर अटकही बेकायदा आणि रिमांडही. आरोपी फक्त गोंडी किंवा तेलुगू बोलत असेल, तर मराठीतला छापील नमुना देऊन भागत नाही.

गुन्हा दखलपात्र आहे. मग अटक करायलाच हवी ना?

नाही. दखलपात्र म्हणजे वॉरंटशिवाय अटक करता येईल असा गुन्हा. पण अटकेचा अधिकार असणं आणि अटकेची गरज असणं वेगळं. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सुरक्षा संहितेचं कलम ३५ (जुनं ४१) विचारतं : हा पुन्हा गुन्हा करेल का, पुरावा नष्ट करेल का, साक्षीदाराला धमकावेल का, पळून जाईल का, तपासासाठी खरंच ताबा हवा का? कारण लिहिता येत नसेल तर ३५ (३) ची नोटीस देऊन बोलवायचं. २०१४ च्या अर्नेश कुमार निवाड्यानं हे सक्तीचं केलं आणि न पाळणाऱ्या पोलिसांवर विभागीय कारवाईबरोबर न्यायालयाच्या अवमानाचीही टांगती तलवार ठेवली.

नव्या संहितेनं एक भर घातली आहे. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि माणूस आजारी-अशक्त किंवा साठीच्या पुढचा असेल, तर पोलीस उपअधीक्षकाच्या परवानगीशिवाय अटक नाही. आणि ही नोटीस व्हॉट्सॲपवर टाकून मोकळं होता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते बंद केलं. म्हणजे ती बजावायला पुन्हा शिपायालाच मोटारसायकल काढावी लागणार.

महिलांच्या अटकेबाबत काय वेगळं आहे?

सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक नाही. अपवादात्मक परिस्थिती असेल तर महिला अधिकाऱ्यानं लेखी अहवाल देऊन प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यायची. अंगझडती महिलेनंच, सभ्यतेनं घ्यायची. साक्षीदार म्हणून महिलेचा जबाब हवा असेल तर तिला ठाण्यात बोलवता येत नाही, तिच्या घरी जावं लागतं. हाच नियम १५ वर्षांखालच्या मुलांना आणि साठीच्या पुढच्या माणसांना.

यातले बरेच नियम महाराष्ट्रातल्या प्रकरणांतून आले, हे आपल्याला माहीत असायला हवं. मुंबईच्या लॉकअपमधल्या स्त्रियांच्या अवस्थेवर पत्रकार शीला बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. १९८३ मध्ये निकाल आला : महिलांसाठी स्वतंत्र लॉकअप, महिला शिपायांचा पहारा, अटक झाल्याची खबर कायदेविषयक साहाय्य समितीला.

त्याआधीचं प्रकरण देसाईगंजचं, तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातलं. मार्च १९७२ मध्ये एक आदिवासी मुलगी नातेवाइकांसह ठाण्यात आली होती. रात्री तिला आत थांबवून घेतलं गेलं. आरोपी होते ठाण्यातलेच हवालदार आणि शिपाई. सत्र न्यायालयानं त्यांना सोडलं, नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत म्हणजे संमती होती, असा त्या निकालाचा रोख. १९७९ मध्ये वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि उपेंद्र बक्षी या चार कायदा-प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसाच्या ताब्यातल्या स्त्रीवरचा बलात्कार हा वेगळा, जास्त शिक्षेचा गुन्हा झाला. तिनं 'संमती नव्हती' असं सांगितलं तर न्यायालय तेच गृहीत धरतं. त्या मुलीचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. अशा पीडितेची ओळख उघड करणं न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. पत्रकारांशी गप्पा मारताना हे कलम विसरू नका.

आरोपीला न्यायालयात नेताना बेडी घालायची की नाही?

सरसकट नाही. १९८० च्या प्रेमशंकर शुक्ला निवाड्यापासून बेडी हा अपवाद आहे. सुरक्षा संहितेच्या कलम ४३ (३) नं आता सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेला, खून, बलात्कार, संघटित गुन्हेगारी, दहशतवाद, अमली पदार्थ अशा काही प्रकारांत परवानगी दिली आहे. तरी 'घालता येईल' असं आहे, 'घालावीच' असं नाही. का घातली ते डायरीत लिहा.

आरोपीनं माझ्यासमोर स्वतःहून कबूल केलं. मग साक्षीची गरज काय?

कारण पोलिसासमोर दिलेली कबुली न्यायालयात चालत नाही. साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ (जुनी २५, २६ आणि २७ कलमं एकत्र). शिपाई असो की आयुक्त, फरक नाही. फक्त मोक्कासारख्या (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा) विशेष कायद्यात पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यानं, ठरवून दिलेल्या पद्धतीनं घेतलेली कबुली चालते.

तुमच्या कामाची आहे ती कलम २३ मधली सवलत. आरोपी म्हणाला, 'मी त्याला कोयत्यानं मारलं आणि कोयता विहिरीमागच्या कडब्याच्या गंजीत लपवला.' तुम्ही पंचांसमोर निवेदन घेतलं, त्यानं रस्ता दाखवला, कोयता निघाला. यातलं 'कोयता गंजीत लपवला' एवढंच पुराव्यात येतं. 'मारलं' हा भाग येत नाही. आणि कोयता आदल्या दिवशीच तुमच्या माणसाला सापडला होता असं निघालं, तर लपवल्याचं वाक्यही जातं. म्हणून मुद्देमाल आधी शोधून ठेवून मग आरोपीला फिरवून आणण्याची जी पद्धत काही जुनी मंडळी शिकवतात, ती शिकू नका. खटला तिथेच हरतो.

बोटांचे ठसे, रक्त घेणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष का?

नाही. मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या १९६१ च्या निवाड्यात ११ न्यायमूर्तींनी ठरवलं, की ठसे, हस्ताक्षराचा नमुना देणं म्हणजे साक्ष देणं नव्हे. मात्र नार्को, लाय डिटेक्टर या चाचण्या संमतीशिवाय घेता येत नाहीत. हा निकाल २०१० चा.

फिर्यादी आला, पण घटना आमच्या हद्दीतली नाही. परत पाठवू का?

नका पाठवू. सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात घ्यावी लागते. शून्य क्रमांकानं नोंदवून संबंधित ठाण्याकडे वर्ग करायची. ऑनलाइन आलेल्या खबरीवर फिर्यादीनं तीन दिवसांत सही केली की ती नोंदली जाते. फिर्यादीला प्रत मोफत.

२०१३ च्या ललिता कुमारी निवाड्यानुसार खबरीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर नोंद सक्तीची आहे. नव्या संहितेत तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षकाच्या परवानगीनं, १४ दिवसांत प्राथमिक चौकशीची मुभा आहे. 'साहेब बाहेर आहेत, उद्या या' ही त्यातली चौकशी नव्हे. अदखलपात्र असेल तर एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करायची आणि फिर्यादीला दंडाधिकाऱ्यांकडे जाण्याची माहिती द्यायची; त्यांच्या आदेशाशिवाय तपास नाही, अटकही नाही.

न्यायालयांची उतरंड थोडक्यात सांगा.

तालुक्याला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी : तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड किंवा समाजसेवेची शिक्षा देऊ शकतात. रिमांडला तुम्ही बहुतेक वेळा यांच्याचकडे जाल. जिल्ह्याला मुख्य न्यायदंडाधिकारी, सात वर्षांपर्यंत. त्यावर सत्र न्यायालय. खून, बलात्कार, दरोडा इथे चालतात आणि कायद्यातली कोणतीही शिक्षा देता येते, फक्त फाशीला उच्च न्यायालयाची मंजुरी लागते. पोक्सो, मोक्का, ॲट्रॉसिटी, अमली पदार्थ यांची विशेष न्यायालयं याच पातळीवरची. मुंबईच्या जुन्या कागदांत 'महानगर दंडाधिकारी' असा उल्लेख दिसेल. नव्या संहितेत तो वर्ग राहिलेला नाही.

मुंबई उच्च न्यायालय १८६२ मध्ये सुरू झालं. मुंबईत मुख्यालय, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात खंडपीठं. कोल्हापूरकरांनी चार दशकं लावून धरलेली मागणी ऑगस्ट २०२५ मध्ये पूर्ण झाली. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी तिथे सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) बसतं. या जिल्ह्यांत नेमणूक झाली तर पैरवीसाठी मुंबईची रात्रीची गाडी पकडावी लागणार नाही.

सर्वांत वर दिल्लीचं सर्वोच्च न्यायालय. अनुच्छेद १४१ प्रमाणे तिथला निवाडा देशातल्या सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक, म्हणजे व्यवहारात तो कायदाच. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ (ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दलचं) मार्च २०१५ मध्ये रद्द झालं, तरी नंतर कित्येक वर्षं देशभर ठाण्यांतून त्याखाली गुन्हे नोंदवले जात होते. शेवटी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला. कलमांचं जुनं पुस्तक पाहून गुन्हा नोंदवण्याचा हा परिणाम.

तहसीलदारही दंडाधिकारी, न्यायालयातले साहेबही दंडाधिकारी. फरक काय?

तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी हे कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे शासनाचे अधिकारी. चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याची किंवा चांगल्या वर्तनाची हमी घेणं (सुरक्षा संहितेची कलमं १२६, १२९), जमावबंदी (कलम १६३) ही कामं त्यांची. आयुक्तालयात हे अधिकार पोलीस अधिकाऱ्यांनाच दिलेले असतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखालची तडीपारी, जास्तीत जास्त दोन वर्षांची, हीसुद्धा प्रशासकीय कारवाई. न्यायदंडाधिकारी उच्च न्यायालयाच्या नियंत्रणाखाली असतात. न्यायपालिका कार्यपालिकेपासून वेगळी ठेवा, असं अनुच्छेद ५० सांगतो, त्याचा हा अंमल. अटकेनंतर २४ तासांत हजर करायचं ते न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर. तहसील कार्यालयात नेऊन ती अट पुरी झाली असं समजू नका.

पीसीआर, एमसीआर, ६० दिवस, ९० दिवस : हे नेमकं काय?

पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी. सुरक्षा संहितेच्या कलम १८७ (जुनं १६७) प्रमाणे पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांचीच. पूर्वी ती पहिल्या १५ दिवसांतच घ्यावी लागे. आता तुकड्यातुकड्यांनी, पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत घेता येते.

दोषारोपपत्र ६० दिवसांत. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा अधिक शिक्षेचा गुन्हा असेल तर ९०. त्यात गेलं नाही आणि आरोपीनं अर्ज केला तर त्याला जामीन मिळतोच, गुन्हा कितीही गंभीर असो. हा हक्क अनुच्छेद २१ मधून येतो. पहिल्या रिमांडचा दिवसही मोजायचा, हे मार्च २०२३ मध्ये पक्कं झालं. एका दिवसाच्या चुकीनं खुनाचा आरोपी बाहेर येतो आणि वर्तमानपत्रवाले न्यायालयाला बोल लावतात.

वरिष्ठांनी बेकायदा काही करायला सांगितलं तर?

शिस्तीच्या खात्यात हा प्रश्न अवघड आहे, आणि तो अवघड नाही असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. कायद्याची बाजू मात्र स्पष्ट आहे. न्याय संहितेचं कलम १४ संरक्षण देतं ते कायद्यानं बांधील असलेल्या कृत्याला. उघडउघड बेकायदा आदेश पाळणं त्यात बसत नाही. मुंबईतल्या २००६ च्या एका चकमकीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये बजावलं, की 'वरून आदेश होता' हा बचाव खोट्या चकमकीत चालणार नाही. त्याच प्रकरणात २०१३ मध्ये सत्र न्यायालयानं १३ पोलिसांना जन्मठेप दिली आणि मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं पोलिसांची शिक्षा कायम ठेवली. त्यात शिपाईही होते.

व्यवहारात काय कराल? आदेश लेखी मागा. तोंडी असेल तर डायरीत आदेश देणाऱ्याच्या नावासह नोंद घ्या. नोंद होणार म्हटलं की पुष्कळ आदेश आपोआप विरतात. आणि लॉकअपमध्ये मारहाण चालू असेल तर 'मी फक्त दारावर उभा होतो' ही भूमिका न्यायालयात टिकत नाही.

आम्हाला मूलभूत अधिकार आहेत की नाहीत?

आहेत, पण कापलेले. अनुच्छेद ३३ संसदेला तो अधिकार देतो आणि १९६६ च्या कायद्यानं पोलिसांच्या संघटना करण्यावर आणि परवानगीशिवाय माध्यमांकडे जाण्यावर बंधनं घातली. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईत पोलीस रस्त्यावर उतरले होते. त्यात संघटनेची मान्यता गेली. दुसरीकडे अनुच्छेद ३११ तुमचं रक्षण करतो : नेमणूक करणाऱ्यापेक्षा खालच्या अधिकाऱ्याला तुम्हाला बडतर्फ करता येत नाही, आणि साधारणपणे आरोप कळवून, बाजू ऐकून, चौकशी केल्याशिवाय तर नाहीच. निलंबन ही शिक्षा मानली जात नाही, त्यामुळे त्याला हे संरक्षण लागू होत नाही.

अल्पवयीन मुलगा सापडला तर?

लॉकअप नाही, बेडी नाही, मोठ्या आरोपींबरोबर गाडीत बसवणंही नाही. बाल न्याय मंडळासमोर २४ तासांत. त्याच्याशी बोलणारा पोलीस शक्यतो गणवेशात नसावा. वय दिसण्यावरून ठरवू नका. शाळेचा दाखला मागवा.

समन्स बजावायला गेलो, माणूस घरी नाही. कोणाकडे द्यायचं?

घरातल्या कोणत्याही सज्ञान व्यक्तीकडे, म्हणजे आता बायको, आई, बहीण यांच्याकडेही. पूर्वी सज्ञान पुरुषच लागायचा. घरगडी चालत नाही. 'मिळून आला नाही' असा शेरा चहाच्या टपरीवर बसून मारू नका. उलटतपासात घराच्या दाराचा रंग विचारतात.

झडतीचं चित्रण मोबाईलवर केलं. तेवढं पुरे का?

सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रण सक्तीचं आहे आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. ते पुराव्यात यायला साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ (जुनं ६५-ब) चं प्रमाणपत्र लागतं. हा मुद्दा पक्का झाला तोही जालन्यातून : २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाले का, यावरच्या खोतकर आणि गोरंट्याल या उमेदवारांमधल्या वादात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रण पुढे आलं, आणि जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रमाणपत्र अनिवार्य ठरवलं. चित्रण सोयीनुसार कापू नका, नको तो भाग पुसू नका, आणि घरगुती ग्रुपवर तर मुळीच टाकू नका.

पहिल्यांदा साक्षीला उभं राहायचंय. काय लक्षात ठेवू?

आदल्या दिवशी सरकारी वकिलांना भेटा आणि कागद वाचा. तालुका-जिल्हा न्यायालयात मराठीत बोलता येतं. उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत. जे पाहिलं तेवढंच सांगा. वेळ, अंतर, उजेड आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणा. घटनेच्या वेळी तुम्हीच केलेली नोंद पाहून आठवण ताजी करायची परवानगी न्यायालयाकडे मागता येते. उलटतपासात वकील चिडवतील, ते त्यांचं काम आहे. उत्तर वकिलांकडे बघून न देता न्यायाधीशांकडे बघून, टायपिस्टला लिहिता येईल इतक्या सावकाश द्या. साक्ष टाईप झाली की सही करण्याआधी पूर्ण वाचा. आणि परत ठाण्यात आल्यावर किती वाजता गेला, किती वाजता आलात, याची डायरीत नोंद करा, नाहीतर प्रवासभत्त्याचं बिल परत येईल.